टेंडरमध्ये मोटर असलेली हॉर्नबी बॅटरीवर न्यायची असेल तर

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मामांनी इंग्लंडहून आणलेला, हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीचा ओओ गेजचा (१:७६ प्रमाणाचा) जुना फ्लाइंग स्कॉट्समन, म्हणजे वाफेच्या इंजिनाची खेळण्यातली गाडी, चिपळूणच्या घरी आहे. मोटर इंजिनात नाही, मागच्या टेंडरमध्ये (कोळसा-पाण्याच्या डब्यात) आहे. रूळ ओसरीवर मांडता, खेळ झाला की उचलून ठेवता, आणि गाडी जागोजागी अडखळते. म्हणून रुळांतली वीज काढून टाकून बॅटरी आणि रिमोट बसवायचाय, तर ‘रिमोट कोणता घेऊ?’ शिवाय लायोनेल या अमेरिकन कंपनीचं, तीन रुळांवर चालणारं एक जुनं इंजिनही आहे. त्याचं शेवटी बघू.

रिमोटचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी मोटर किती करंट ओढते ते मोजा, मग जागा बघा, मग बॅटरी आणि ड्रायव्हर (मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारं छोटं सर्किट) ठरवा. एवढं झालं की रिमोट हे सगळ्यात सोपं आणि बहुधा सगळ्यात स्वस्त काम उरतं. लोक नेमकं उलटं करतात आणि मग बॉयलरमध्ये न मावणारी सर्किटं विकायला काढतात.

अडखळण्याचं कारणही समजून घ्या. त्या पिढीच्या टेंडर-ड्राइव्ह हॉर्नबीत एका रुळाची वीज इंजिनाची चाकं घेतात आणि दुसऱ्या रुळाची टेंडरची. त्यातही टेंडरच्या काही चाकांवर पकडीसाठी रबरी टायर असतात, ती चाकं वीज घेतच नाहीत. म्हणजे मुळात मोजक्याच चाकांवर भिस्त. कोकणातल्या दमट हवेत रुळांवर थर चढतो, आणि जुने पोलादी रूळ असतील तर ते गंजतातच. एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं पुसून बघा. सँडपेपर नको, ओरखड्यांत घाण आणखी बसते. रूळ कायमचे फळीवर ठोकलेले असते तर मी ‘एवढंच करा आणि थांबा’ म्हटलं असतं. पण रोज मांडामांड म्हटली की रुळांचे सांधे ढिले पडणारच, तेव्हा तुमच्या बाबतीत बॅटरी हाच बरा मार्ग. रबरी टायर मात्र काढू नका, गाडी ओढायची ताकद त्यांच्यावरच आहे.

आता मोजणी. १२ व्होल्ट डीसीचा अ‍ॅडॉप्टर आणि रूळ यांच्यामध्ये मल्टिमीटर सिरीजमध्ये जोडा, १० अँपिअरच्या रेंजवर. गाडी डब्यांसकट चालवून आकडा लिहून घ्या. मग मोटरकडची चाकं बोटाने सेकंदभर धरून ठेवा आणि तोही आकडा लिहा. हा दुसरा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट निघतो आणि ड्रायव्हर निवडायचा तो त्याच्याच हिशोबाने. आकडा फार मोठा वाटला तर आधी कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागावरचा तांब्याचा भाग) पुसा, त्याला टेकणारे कार्बन ब्रश बघा, बेअरिंगला थेंबभर तेल द्या. चुंबक कमजोर झाला असेल तरी मोटर जास्त करंट ओढते.

व्होल्टेजबद्दल बहुतेकांची समजूत अशी की मोटर १२ व्होल्टची, म्हणून १२ व्होल्टच हवेत. मग एकच ३.७ व्होल्टचा लिथियम सेल घेऊन तो बूस्ट कन्व्हर्टरने १२ पर्यंत चढवतात. हिशोब करून बघा. समजा गाडीला १२ व्होल्टवर ०.३ अँपिअर लागतात, म्हणजे ३.६ वॅट. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलमधून ३.६ भागिले ०.८५ भागिले ३.७, म्हणजे १.१ अँपिअरच्या वर करंट निघतो. ५०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तासांचा) सेल अर्ध्या तासाच्या आत संपला! त्यापेक्षा दोन सेल सिरीजमध्ये घ्या, ७.४ व्होल्ट. वेग कमी होईल, पण पूर्ण १२ व्होल्टवर ही इंजिनं तशीही बेफाम पळतात. १:७६ च्या प्रमाणात ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ३६ सेंटिमीटर. ओसरीवर तेवढा वेग पुष्कळ झाला.

बॅटरी ठेवायची कुठे? टेंडर-ड्राइव्हमध्ये इंजिनाच्या बॉयलरमध्ये मोटर नसते, नुसतं वजन असतं. ते काढून तिथे सेल बसवायचा मोह होतो. तरी मी टेंडरच्या लगेच मागचा डबा सुचवीन. छत निघतं, चार्जिंगला बॅटरी बाहेर काढता येते, मोटर शेजारच्या टेंडरमध्येच असल्याने वायर आखूड राहते, आणि जुन्या इंजिनाला हात लावावा लागत नाही. टेंडर आणि डब्यामध्ये छोटा दोन पिनांचा कनेक्टर ठेवा. वळणावर वायर ताणली जात नाही ना, ते सगळ्यात अरुंद वळणावर तपासा.

पुढचं काम टाळू नका. मोटर आणि चाकं यांच्यातला विजेचा संबंध पूर्ण तोडा. जुन्या हॉर्नबीत मोटरचा एक ब्रश बऱ्याचदा चासीलाच (धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो आणि चासीतून चाकांना. नुसती वायर कापून तो सुटत नाही, ब्रशची पट्टी चासीपासून वेगळी करावी लागते. मल्टिमीटरच्या बझरवर प्रत्येक चाक दोन्ही ब्रशशी तपासा, कुठेही आवाज यायला नको. हे राहिलं तर बॅटरीची वीज उलट रुळांत उतरते आणि रुळांवर पडलेला एखादा चमचा लिथियम बॅटरी शॉर्ट करू शकतो. बॅटरीच्या तोंडाशी दोन अँपिअरचा फ्यूज द्याच.

बॅटरी नामांकित घ्या. १८६५० आकाराच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर दुकानातून बाहेर पडा. त्या आकारात ३५०० च्या आसपासच मजल जाते. टीपी४०५६ चा स्वस्त चार्जर एका सेलसाठी आहे, दोन सेलच्या पॅकला बॅलन्स चार्जर (दोन्ही सेल सारखे भरणारा) लागतो. पूर्ण भरलेला पॅक ८.४ व्होल्ट दाखवतो. प्रत्येक सेल ३.३ व्होल्टवर आला की गाडी थांबवा. चार्जिंग लावून घराबाहेर जाऊ नका.

ड्रायव्हरला एल२९८एन घेऊ नका, तो सहज मिळतो म्हणून सगळे घेतात. त्याच्यातच दोन व्होल्ट किंवा जास्त खर्च होतात, ७.४ मधून ते परवडत नाहीत. डीआरव्ही८८३३ चिमुकला आहे, १०.८ व्होल्टपर्यंत चालतो, एका चॅनलला दीड अँपिअर देतो आणि दोन्ही चॅनल समांतर जोडता येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत किंवा ऑनलाइन मिळेल.

आणि आता तुमचा रिमोट. खेळण्यातल्या कारचा पिस्तुलासारखा रिमोट चालतो, पण बोट सोडलं की ट्रिगर मध्यावर येतो आणि गाडी थांबते, त्यामुळे सतत धरून बसावं लागतं. विमानाच्या रिमोटची थ्रॉटल काडी जागेवर राहते, पण विमानाच्या स्पीड कंट्रोलरला बहुधा रिव्हर्स नसतो. म्हणून ईएसपी३२ (वायफाय-ब्लूटूथ असलेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि फोनवरचा स्लायडर हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. त्या बोर्डाला वेगळा रेग्युलेटर आणि मोठा कपॅसिटर द्या, नाहीतर मोटर सुरू होताना व्होल्टेज पडून तो रीसेट होत राहील. अर्धा सेकंद फोनकडून काही आलं नाही तर मोटर बंद, ही ओळ प्रोग्रॅममध्ये हवीच. अमेरिकेतून कोणी ९०० मेगाहर्ट्झचा संच आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. त्यांच्याकडे तो पट्टा मोकळा आहे, आपल्याकडे त्यातला भाग मोबाइल कंपन्यांकडे आहे. २.४ गिगाहर्ट्झ ठीक. अँटेना धातूच्या कवचाखाली दडपू नका, डबा प्लास्टिकचा असल्याचा इथे फायदाच आहे.

लायोनेलचं प्रकरण वेगळं. त्या जुन्या मोटरमध्ये कायमचा चुंबक नसतो, फील्ड कॉइल (चुंबकाचं काम करणारी तारेची गुंडाळी) असते. ती डीसीवर चालते, पण वायर उलट्या करून दिशा बदलत नाही, कारण फील्ड आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) दोन्ही एकदम उलटतात. उपाय असा की फील्ड कॉइल ब्रिज रेक्टिफायरच्या (वीज कुठूनही आली तरी एकाच दिशेने बाहेर देणारा चार डायोडचा भाग) प्लस-मायनसमध्ये टाकायची आणि रेक्टिफायरची एसी टोकं आर्मेचरशी सिरीजमध्ये जोडायची. फील्ड एकाच दिशेने राहतं, आर्मेचर उलटतं. दिशा बदलणारं मूळचं ई-युनिट मग बाजूला ठेवायचं, फेकायचं नाही. ही मोटर अँपिअर-दोन अँपिअर सहज ओढते, म्हणून डीआरव्ही८८३३ इथे पुरणार नाही आणि सेलही तीन किंवा चार लागतील. हॉर्नबी नीट चालायला लागल्यावरच हे उघडा.

चालतानाचा आणि चाकं धरलेला, हॉर्नबीचे हे दोन आकडे आधी पाठवा. डब्याची आतली रुंदीही मोजून ठेवा, मग कोणता पॅक बसेल ते सांगतो.