मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक वाचायला कंटाळतो. तिसरीतल्या मुलाला वाचनाची गोडी कशी लावावी?

तुमचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, घरी छान मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक हातात दिलं की दोन ओळींत मिटवतो, असं तुम्ही लिहिलंय. मी मुंबईतल्या एका प्राथमिक शाळेत मराठी शिकवते आणि तिथलं ग्रंथालयही बघते. अशी मुलं मला रोज भेटतात.

त्याला कंटाळा गोष्टीचा नाही, जोडाक्षरांचा आलेला असतो. ऐकून त्याला तिसरीतल्या मुलाला शोभेल इतकं मराठी समजतं, पण वाचता येतं ते पहिलीतल्या मुलाइतकं. 'स्वयंपाकघर' तो दिवसातून चारदा म्हणत असेल. तोच शब्द छापलेला दिसला की अक्षरं सुटी करत बसतो आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरतो. वयाला साजेसं पुस्तक आणावं तर ते झेपत नाही, झेपेल असं आणावं तर ते बाळबोध वाटतं.

म्हणून त्याच्या वयाची, उत्सुकता ताणणारी गोष्ट तुम्ही वाचून दाखवा. मुलाला अक्षरं लागायला लागली की बहुतेक घरांत वाचून दाखवणं बंद होतं, आणि माझ्या मते सगळं तिथेच बिघडतं. रात्री जेवणं झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं पुरे. ओळीखाली बोट फिरवत, पात्रांचे आवाज काढत वाचा आणि ऐन रंगात आल्यावर थांबा. पुस्तक त्याच्या उशाशी राहू द्या. पुढे काय झालं ते बघायला त्याने स्वतः पान उलटलं, तर लगेच कौतुक करायला धावू नका.

त्याने स्वतः वाचायचं ते मात्र अगदी सोपं हवं. 'प्रथम बुक्स'चं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथे मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात आणि त्यांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीपासून सुरू करा. बाळबोध वाटू नये म्हणून त्या गोष्टी धाकट्या भावंडाला किंवा शेजारच्या छोट्याला वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे द्या. थोडा सराव झाला की बालभारतीचं 'किशोर' मासिक आणा. ते 1971 पासून निघतंय आणि जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. लोकलने जाताना स्टेशनांच्या पाट्या वाचायला लावा. विद्याविहार, चर्चगेट जमलं की सँडहर्स्ट रोड! क्रिकेटवेडा असेल तर पेपरातलं खेळाचं पानही चालेल.

एक कळकळीची विनंती: वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका. कितीतरी शाळांत ग्रंथालयाच्या तासाला पुस्तकाचा सारांश वहीत लिहायला लावतात. मुलं हुशार असतात, ती सगळ्यात पातळ पुस्तक उचलतात. आमच्याकडे मी सारांश बंद केला आणि न आवडलेलं पुस्तक अर्ध्यावर परत करायची मुभा दिली. त्यानंतर मुलं कपाटाशी जास्त वेळ रेंगाळायला लागली, एकमेकांना पुस्तकं सुचवायला लागली.

वाचनालयाचं सभासदत्व घ्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. 1898 मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर पूर्वेला आहे. ते लांब पडत असेल तर आपल्या भागात चौकशी करा, कुठल्यातरी मंडळाचं छोटं वाचनालय सापडू शकतं.

आणि शाळेलाही विचारा. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, राज्यातल्या शाळांत वाचन प्रेरणा दिन होतो, पुस्तकं टेबलांवर मांडली जातात. दुसऱ्या दिवशी ती कपाटात कुलूपबंद होतात का? मुलांना घरी न्यायला मिळतात का? पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर बाईंच्या खिशातून भरपाई जाते का? तसं असेल तर कुठलीही बाई कपाट उघडायला कचरणारच. पालकसभेत चार पालकांनी मिळून हा विषय काढा आणि दर वर्षी थोडी पुस्तकं फाटणार हे धरूनच खर्च मंजूर करून घ्या.