रूम कुठली घेऊ? आधी स्की बूट घालून चालून बघा

प्रश्न : ताई, फेब्रुवारीत पाच दिवस गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं म्हणतोय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सोबत सासू-सासरे, दोघंही सत्तरीचे, ते फक्त बर्फ बघणार. एजंट म्हणतो श्रीनगरला हाउसबोटीत राहा आणि रोज गाडीने जाऊन या, स्वस्त पडेल. नवरा म्हणतो मधोमध तंगमर्गला राहू. मला गुलमर्गलाच राहायचंय पण तिथले रेट बघून घाम फुटला. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : अहो, एजंटचं ऐकू नका. म्हणजे एक दिवस बर्फात लोळून, स्लेजवर बसून, फोटो काढून परत यायचं असेल तर त्याचं बरोबर आहे, पण तुम्हाला शिकायचंय. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, ऐकायला ठाणे-कर्जतसारखं वाटतं, पण बर्फ पडलेला असला की तंगमर्गला तुमची गाडी थांबते आणि तिथून पुढच्या तेरा किलोमीटरच्या चढाला टायरना साखळ्या लावलेली लोकल गाडी घ्यावी लागते, तिचं भाडं वेगळं, घासाघीस वेगळी, आणि हे सगळं रोज सकाळी अंगावर पाच थर कपडे चढवून सासू-सासऱ्यांसकट करायचं. दुसऱ्या दिवशी मुलगाच म्हणेल मी नाही येत. तंगमर्गला रूम स्वस्त मिळतात हे खरं, पण तो तेरा किलोमीटरचा तुकडाच तर त्रासाचा आहे आणि तो काही टळत नाही.

तेव्हा गुलमर्गलाच राहा. आता घाम फुटवणाऱ्या रेटबद्दल.

सगळे जण 'गोंडोलाच्या', म्हणजे तिथल्या केबल कारच्या, 'जवळ' म्हणून शोधतात आणि तिथेच पैसे जातात. गोंडोलाचा पहिला टप्पा तुम्हाला कोंगडोरीला साधारण ३०८० मीटरवर नेतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत, आणि तो वरचा डोंगर शिकलेल्यांचा आहे, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो, २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे परदेशी स्कीअर दगावलेत. तुम्ही पहिले तीन-चार दिवस तिकडे फिरकणारसुद्धा नाही. नवशिक्यांना खाली गुलमर्गच्या मैदानाकडेच्या सौम्य उतारांवर शिकवतात. मग खैबरसारख्या गोंडोलाला खेटून असलेल्या महागड्या रिसॉर्टचे पैसे कशाला भरायचे? (स्पा आणि गरम पाण्याचा पूल हवा असेल तर भरा, मी कोण अडवणार!) आधी ट्रेनर ठरवा, तो कुठल्या उतारावर शिकवणार ते विचारा आणि मग त्या उताराजवळ रूम बघा. लोक नेमकं उलटं करतात.

जवळ म्हणजे किती जवळ, ते मी पोळून शिकलेय. आमच्या पहिल्या ट्रिपला हॉटेलवाल्याने 'स्लोपपासून दहा मिनिटं' असं छातीठोकपणे सांगितलेलं. ती दहा मिनिटं गाडीची निघाली, ती पण रस्त्यावरचा बर्फ काढलेला असेल तर. स्की बूट म्हणजे घोट्याच्या वरपर्यंत कडक प्लास्टिक, घोटा वाकतच नाही, दोन्ही पायांत बादल्या अडकवल्यासारखं चालायचं, खांद्यावर स्की, आणि गुलमर्ग २६५० मीटरवर, म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ आणि त्याच्याही हजार मीटर वर, धाप लागते हो. तिसऱ्या दिवशी मी रूमवरच बसून राहिले, कहवा पीत. तेव्हा फोनवर 'किती मिनिटं' विचारू नका, 'बूट घालून चालत किती, चढ आहे का, आणि स्की रात्री कुठे ठेवायच्या' असं विचारा. स्की भाड्याने देणारा उताराजवळच ठेवून घेत असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात.

सासू-सासऱ्यांसाठी जागेपेक्षा ऊब बघा. 'हीटिंग आहे' एवढ्यावर जाऊ नका. सेंट्रल हीटिंग, ऑइलचा हीटर, लाकडाची बुखारी (धुराड्याची शेगडी) आणि नुसतं इलेक्ट्रिक ब्लँकेट या चारही गोष्टींना हॉटेलवाले हीटिंगच म्हणतात. लाइट गेली की जनरेटर किती वेळ चालतो आणि त्यावर रूममधला हीटर चालतो का, की फक्त एक बल्ब, हे स्पष्ट विचारा. कडक थंडीत पाइप गोठतात, मग गिझर असून उपयोग नाही, बादलीने गरम पाणी मिळेल का तेही विचारून ठेवा. बुखारी असली तर खिडकी थोडी उघडी ठेवायची, धूर आणि गॅस कोंडला तर जिवाशी खेळ होतो. आणि रूम तळमजल्यावरची मागा, बर्फाळलेल्या बाहेरच्या जिन्यावरून सासऱ्यांना वर-खाली करायला लावू नका.

सरकारी पर्यटन महामंडळाच्या हट आहेत, कुटुंबाला एकत्र राहायला छान, पण काही आडबाजूला आहेत, जेवणाची सोय काय ते पक्कं केल्याशिवाय घेऊ नका. रात्री आठला बर्फात वरणभात शोधत फिरणं काही मजेचं नाही.

परतीच्या फ्लाइटच्या आदली रात्र मात्र श्रीनगरला ठेवा, तेव्हा हाउसबोटीची हौस भागवा, कारण रात्रीत बर्फ पडून वरचा रस्ता बंद झाला तर विमान चुकतं. आणि बुकिंग कॅन्सल करता येईल असंच घ्या, २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, बर्फासाठी आलेली माणसं पिवळं गवत बघून परत गेली. फेब्रुवारी त्यामानाने बरा, पण भरवसा कोणाचाच नाही. हो, आणि घरात सगळ्यांची सिम प्रीपेड असतील तर तिकडे चालणार नाहीत, एक तरी पोस्टपेड न्या.

प्रश्न : आम्ही दोघं मित्र, कॉलेज संपलंय, बजेट टाइट. उत्तराखंडात औलीला स्कीइंग शिकायचंय, तर खाली जोशीमठमध्ये स्वस्त लॉज घेऊन रोपवेने रोज वर जावं का?
– नाशिक

उत्तर : रोपवे धरून प्लॅन करू नका रे. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठात जमीन खचायला लागली, घरांना तडे गेले, तेव्हाच तो बंद केला. रस्त्याने रोज वर-खाली करायचं तर लॉजचे वाचलेले पैसे टॅक्सीत जातील. तुमच्यासारख्यांनी रूम शोधूच नये, कोर्स शोधावा. औलीत गढवाल मंडल विकास निगम आणि गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था असे कोर्स घेतात ज्यात राहणं, खाणं, स्की-बूट आणि शिकवणं सगळं एकत्र असतं. खोली साधी, पांघरूण जाड, सोबतीला देशभरातली पोरं. जागा पटकन भरतात एवढंच.

प्रश्न : ताई, मी म्युनिकला असते. आम्ही तीन मराठी कुटुंबं, दोन पिल्लं धरून आठ जण, ऑस्ट्रियात आठवडाभर स्कीइंगला जातोय. नाश्ता आणि रात्रीचं जेवण देणारं हॉटेल घ्यावं की स्वयंपाकघरवालं अपार्टमेंट? निम्मे जण शाकाहारी आहेत.
– म्युनिक

उत्तर : अपार्टमेंट, डोळे झाकून. गावातल्या पेन्शनचं, म्हणजे घरगुती छोट्या हॉटेलाचं, जेवण वाईट नसतं गं, पण शाकाहारी माणसाला सलग सात रात्री चीज घातलेलं काहीतरी खाऊन बुधवारपर्यंत पिठलं आठवायला लागतं. शिवाय पिल्लं सात वाजता झोपली की हॉटेलात मोठ्यांनी अंधारात मोबाइल बघत बसायचं, अपार्टमेंटमध्ये निदान हॉलमध्ये पत्ते कुटता येतात.

फक्त दोन गोष्टी. तिथे बुकिंग बहुतेक शनिवार ते शनिवार असतं, शनिवारी ऑस्ट्रियातली सुपरमार्केट संध्याकाळी सहाला बंद होतात आणि रविवारी बहुतेक उघडतच नाहीत. आणि त्याच शनिवारी अख्खं जर्मनी त्याच हायवेवर असतं. म्हणजे तुम्ही सातला पोचणार आणि घरात दुधाचा थेंब नाही. दोन दिवसांचा शिधा म्युनिकहूनच भरून न्या, कुकर पण, तिकडच्या किचनमध्ये तो नसतो. भाडं बघताना शेवटच्या साफसफाईचे पैसे आणि माणशी पर्यटन कर त्यात धरलेत का ते बघ, नाहीतर स्वस्त वाटलेलं घर शेवटी हॉटेलाच्या भावात पडतं. स्की-लिफ्टच्या दारातलं घर परवडत नसेल तर स्की-बसचा स्टॉप दाराशी असलेलं घे, आणि खाली बूट वाळवायची खोली आहे का ते विचार, ओले बूट सकाळी पिल्लांच्या पायात घालायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

आणि फोडणी देताना खिडकी उघड, धुराचा अलार्म लगेच वाजतो.