बाणकोटचे मॅलेट मूळचे कुठले?

प्रश्न : बाणकोट किल्ल्याजवळ एक जुनं इंग्रजी थडगं दाखवतात. महाबळेश्वरच्या ‘आर्थर सीट’वाल्या आर्थर मॅलेटची बायको आणि तान्ही मुलगी 1791 साली सावित्रीच्या खाडीत बुडाली, त्यांचं ते थडगं, असं सांगतात. हे आडनाव एरवी कधी कानावर येत नाही. मूळचं कुठलं?
– एक वाचक, वेळास

उत्तर : मूळचं फ्रान्सातल्या नॉर्मंडीचं. 1066 साली विल्यम राजाबरोबर जी मंडळी समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरली, त्यांत ग्राव्हिलचा विल्यम मॅलेट होता. हेस्टिंग्जच्या लढाईत पडलेल्या इंग्लंडच्या हॅरॉल्ड राजाचं प्रेत किनाऱ्यावर पुरायचं काम त्याच्याकडे दिलं, असं त्या काळच्या बखरकाराने लिहिलं आहे. पुढे 1069 मध्ये यॉर्कला डेन लोकांनी त्याला बायकामुलांसकट धरून नेलं. मुलगा रॉबर्ट मात्र 1086च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, सफोकातला बडा खोतच दिसतो.

अर्थाबद्दल एकमत नाही. कुणी ‘शापित’ म्हणतं, कुणी ‘हातोडा’, कुणी बाईच्या नावाचं लाडकं रूप. लढवय्याला शोभतो म्हणून लोक हातोडाच उचलतात. शोभतो म्हणून खरा ठरतो थोडाच!

आपल्याकडे दाभोळचा तो दाभोळकर. मॅलेटांचं उलटं झालं. सॉमरसेटमध्ये शेप्टन, म्हणजे मेंढवाड्याचं गाव, यांच्या ताब्यात आलं आणि गावालाच आडनाव चिकटलं : शेप्टन मॅलेट. अजून नकाशावर आहे. राजाच्या सत्तेला वेसण घालणाऱ्या 1215च्या सनदेवर, मॅग्ना कार्टावर, देखरेख ठेवणाऱ्या पंचवीस सरदारांतही याच मुलखातला एक मॅलेट होता.

तुमच्या गावाशी यांचा संबंध थडग्याहून जुना आहे. सर चार्ल्स मॅलेट पुणे दरबारात इंग्रजांचा वकील होता, आणि त्याची गाठ होती तुमच्या वेळासच्या नाना फडणविसांशी! टिपूविरुद्धचा 1790चा तह या दोघांच्या वाटाघाटीतून झाला. तह सवाई माधवरावांपुढे सादर होतानाचं थॉमस डॅनियलचं मोठं चित्र प्रसिद्ध आहे. त्याची मूळ रेखाटनं जेम्स वेल्सची, आणि याच वेल्सच्या मुलीशी चार्ल्सने पुढे लग्न केलं.

आता तुमची गोष्ट. आर्थर हा चार्ल्सचा मुलगा. चार्ल्सचं लग्न 1799चं, थोरला मुलगा 1800चा, आर्थर त्याच्याही पाठचा. मग 1791 साली त्याची बायको बुडेल कशी? साल तरी चुकलंय, नाहीतर माणूस. गाईड लोक बिनदिक्कत दोन्ही सांगतात.

दगडावर अक्षरं उरली असतील तर खरवडू नका, खडूही फिरवू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात जवळून फोटो काढून पाठवा. आडनावात ‘एल’ एक आहे की दोन, तेवढं नीट दिसू दे. सर चार्ल्सच्या घरात एकच लिहीत.