आकडा कुठे जन्मतो हे तुम्हाला ठाऊक आहे, सिस्टर

मिरजेहून एका स्टाफ नर्सने लिहिलेलं पत्र समोर आहे. वय २७, बी.एस्सी. नर्सिंग, पाच वर्षं आयसीयूत. हॉस्पिटलमध्ये नवीन सॉफ्टवेअर आल्यावर वॉर्डातल्या बाकीच्यांना ते शिकवण्याचं काम यांच्याकडेच आलं, आणि त्यातून आकड्यांची गोडी लागली. आता एक ऑनलाइन कोर्स खुणावतो आहे: ‘हेल्थकेअर अ‍ॅनालिटिक्स लीडरशिप’, ११ महिने, फी २ लाख ८० हजार, हप्त्यांची सोय. वडिलांचं म्हणणं, अधिपरिचारिकेच्या सरकारी भरतीचा अभ्यास कर. त्या विचारतात : “मला आयुष्यभर डेटा एन्ट्री करायची नाही. निर्णय जिथे होतात तिथे बसायचं आहे. पण त्या खुर्चीवर नर्सला कोणी बसवेल का?”

प्रिय सिस्टर,

तुमच्या पत्रातला एक परिच्छेद मी तीनदा वाचला. कोर्सबद्दलचा नाही, जानेवारी-फेब्रुवारीचा. जानेवारीत तुमच्या आयसीयूत कॅथेटरमुळे लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झालेले ३ पेशंट, फेब्रुवारीत २. मीटिंगमध्ये सगळ्यांचं अभिनंदन झालं. तुम्ही मात्र घरी येऊन वहीत हिशेब मांडला. जानेवारीत सगळ्या पेशंटचे मिळून ६०० कॅथेटर-दिवस होते (एका पेशंटला एक दिवस कॅथेटर, म्हणजे एक कॅथेटर-दिवस), फेब्रुवारीत फक्त २५०. म्हणजे हजार कॅथेटर-दिवसांमागे दर ५ वरून ८ वर गेला. संसर्ग कमी दिसले, कारण कॅथेटरच कमी लावले गेले होते.

हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. हेल्थ इन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे आरोग्याच्या नोंदी आणि आकडे हाताळण्याच्या शास्त्रात, वर जाणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यात हीच खोड असते : वरचा आकडा दिसला की खालचा शोधायचा. पण लगेच एक दुरुस्तीही करते. २ आणि ३ हे इतके लहान आकडे आहेत की हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. दोन महिन्यांवरून ‘वाढलं’ म्हणणं हे ‘घटलं’ म्हणण्याइतकंच घाईचं आहे. वर्षाचे बारा ठिपके एका रेषेवर मांडा, मग बोला. हा संयम संख्याशास्त्र शिकवतं, आणि ते तुम्हाला रीतसर शिकावं लागणार आहे. त्याकडे पुढे येते.

आधी तुमच्या प्रश्नाचा गाभा. नर्सला ती खुर्ची मिळेल का?

या विषयाची सुरुवातच एका नर्सने केली, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा दिवा आपल्या सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात आहे, त्यांचे तक्ते नाहीत. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर त्यांनी मृत्यूंच्या नोंदी एकत्र केल्या आणि रंगीत वर्तुळाकार आकृत्यांतून दाखवून दिलं की सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलं, त्या पहिल्या स्त्री-सभासद. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या संघटनेने १९९२ मध्ये नर्सिंग इन्फर्मेटिक्सला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. डॉक्टरांसाठी क्लिनिकल इन्फर्मेटिक्सची उपशाखा तिथे २०११ मध्ये मान्य झाली. तिथल्या आणि इंग्लंडमधल्या मोठ्या हॉस्पिटलांत ‘चीफ नर्सिंग इन्फर्मेशन ऑफिसर’ हे पद असतं, आणि त्यावर नर्सच बसते.

आपल्याकडे हे पद अजून क्वचित दिसतं. इथे माहिती-प्रमुखाची जागा बहुधा डॉक्टरला किंवा आयटीच्या माणसाला जाते, आणि नर्सला ‘युजर ट्रेनिंग’ देऊन बोळवण केली जाते. हे मला पटत नाही, पण आज परिस्थिती अशी आहे आणि ती लपवून तुम्हाला सल्ला देणं बरोबर होणार नाही. भारतात ही वाट तुम्हाला दुसऱ्या दारातून धरावी लागेल. ते दार म्हणजे क्वालिटी विभाग.

एनएबीएच हे हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या हॉस्पिटलला दरमहा निर्देशांक काढावे लागतात : संसर्गाचे दर, बेडसोर, पेशंट पडण्याच्या घटना, औषधं देण्यातल्या चुका. यातले कितीतरी ‘हजार पेशंट-दिवसांमागे’ मोजतात. हे पेशंट-दिवस कुठून येतात? नाइटची सिस्टर रात्री बाराला जो सेन्सस, म्हणजे वॉर्डातल्या पेशंटची मोजणी, घेते, त्यातून. तो तुम्ही पाच वर्षं घेतला आहे. छेदातला आकडा तुमच्या हातून गेला आहे! म्हणून माझा पहिला सल्ला : कोर्सआधी मेट्रनना भेटा आणि इन्फेक्शन कंट्रोल नर्सची किंवा क्वालिटीची जबाबदारी मागा. पगारात लगेच फरक पडणार नाही. पण दर महिन्याला तुम्ही काढलेला आकडा तुमच्या नावाने मीटिंगमध्ये मांडला जाईल, आणि त्यावर प्रश्न आले तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. निर्णयाच्या टेबलाशी पोहोचण्याचा याहून सरळ रस्ता मला माहीत नाही.

आता जी गोष्ट सगळ्यात तळमळीने सांगायची आहे ती. आयसीयूतला श्वसनाचा दर आठवा. घाईच्या पहाटे किती चार्टवर १८ नाहीतर २० असतं? मिनिटभर खरोखर मोजलं तर १७ येईल, २३ येईल, २७ येईल. हे तुम्हाला आणि मला माहीत आहे. कॉम्प्युटरला माहीत नाही; त्याच्या दृष्टीने ती स्वच्छ, भरलेली, उत्तम नोंद. आणि जंतुसंसर्ग रक्तात भिनू लागला की जी लक्षणं लवकर बोलतात, त्यात श्वसनाचा दर असतो.

अमेरिकेत सेप्सिस, म्हणजे संसर्गाने जिवावर बेतणारी ही अवस्था, आधीच ओळखणारं एक संगणकीय मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत वापरात होतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ते आपल्या पेशंटवर तपासलं आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के त्याच्या हातून सुटले होते, आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत त्याने धोक्याचा इशारा वाजवला होता. अशी साधनं आता आपल्याकडेही विकायला येत आहेत. विकणारा पडद्यावर सुंदर आलेख दाखवेल. त्या खोलीत एकाने तरी विचारलं पाहिजे, “आमच्या पेशंटवर तपासलंय का? इशारा वाजल्यावर रात्री तीनला कोणी धावायचं? आणि दिवसाला किती वेळा वाजेल?” हे विचारणारी व्यक्ती बेडजवळ उभी राहिलेली असेल तर पेशंटचं भलं होईल. नेतृत्व म्हणजे मला एवढंच अभिप्रेत आहे.

मी स्वतः या सल्ल्याच्या कामात येण्याआधी एका हॉस्पिटलच्या एमआरडीत, म्हणजे रेकॉर्ड विभागात, होते. मृत्यूच्या दाखल्यांना कोड देताना कागदामागून कागद यायचा आणि कारण एकच : ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. ते मरणाचं कारण नव्हे. खरं कारण टीबी, मधुमेह, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव असं काहीतरी खाली गाडलेलं. मी तेव्हा कोड टाकत राहिले, डॉक्टरांना फोन करायचं धाडस केलं नाही. त्या वर्षांतले मृत्यू चुकीच्या रकान्यात गेले ते गेलेच. तुमच्या वहीचं मला अप्रूप वाटतं ते यामुळे.

मोजणी गावातून उभी राहिली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळं तपासायला, उपचार करायला आणि नोंदी ठेवायला शिकवलं. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला; १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला, आणि पुढे घरोघरी नवजात-सेवा देशभरच्या आशा कार्यकर्तींच्या कामात आली. नोंद करणारी बाई आणि उपचार करणारी बाई एकच होती. नोंद कशासाठी करायची, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शिकायचं काय? एक्सेल येतं, ते पुरेसं नाही. डेटाबेसमधून हवं ते काढायला एसक्यूएल शिका, तीन-चार महिन्यांत हात बसतो. नंतर आर ही संख्याशास्त्राची भाषा, ती फुकट आहे. सरावाला अमेरिकेच्या एमआयटीने खुला केलेला ‘मिमिक’ हा डेटा घ्या : बोस्टनच्या एका हॉस्पिटलमधल्या आयसीयूच्या, ओळख पुसलेल्या नोंदी. पूर्ण डेटासाठी नैतिकतेचं एक प्रशिक्षण पूर्ण करून अर्ज करावा लागतो, छोटा नमुना कोणालाही उघडता येतो. तिथल्या रकान्यांची नावं वाचून इंजिनिअर गोंधळतात. तुम्ही पाच मिनिटांत ओळखाल.

मग मानकं. एकाने ‘एमआय’ लिहायचं, दुसऱ्याने ‘हार्ट अटॅक’, तिसऱ्याने मराठीत. संगणकाला हे तिन्ही एकच आहे हे कळावं म्हणून स्नोमेड सीटी आणि आयसीडीसारख्या संहिता असतात, आणि एका हॉस्पिटलची नोंद दुसऱ्याला वाचता यावी म्हणून फायर हे मानक. या सगळ्याचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सीडॅकमध्ये आहे. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी आभा क्रमांक तुम्ही रोज पेशंटला विचारत असाल. तो कशाला जोडला जातो, पेशंटची संमती त्यात कुठे येते, हे नीट समजून घेतलेली माणसं हॉस्पिटलांना हवी आहेत.

पदवीबद्दल माझं मत ठाम आहे : एमबीएच्या आधी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. रोगपरिस्थितीविज्ञान आणि जीवसंख्याशास्त्र पक्कं करणारं विद्यापीठ निवडा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्य आणि हॉस्पिटल प्रशासन दोन्हीचे अभ्यासक्रम आहेत; आयआयटी मुंबईत डिजिटल हेल्थचं कोइता केंद्र आहे; राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करणारी देवनारची आयआयपीएस ही संस्थाही पाहा. प्रवेशाच्या अटी दरवर्षी त्यांच्या वेबसाइटवर तपासा. बायोइन्फर्मेटिक्सची जाहिरात पाहून गल्लत करू नका. ते जनुकांचं आणि प्रथिनांचं शास्त्र, तुमचा रस्ता वेगळा.

वडिलांशी भांडू नका. त्यांना दिसते ती नोकरीची शाश्वती, आणि ती क्षुल्लक नाही. भरतीची परीक्षा द्या. सरकारी आरोग्यसेवेत टीबीच्या नोंदींच्या निक्षय पोर्टलपासून साथरोगांच्या नोंदींच्या आयएचआयपी पोर्टलपर्यंत सगळी मोजणी चालते, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा पातळीवर संनियंत्रण आणि मूल्यमापनाची पदं असतात. ती बहुतेक कंत्राटी, हे त्यांना आधीच सांगा.

एका गोष्टीवर मात्र मी रागावणार आहे. तुम्ही लिहिता की या नोंदींची एक एक्सेल फाइलही, पेशंटच्या नावांसकट, तुमच्या मोबाइलमध्ये आहे. कृपा करून आजच मेट्रनना सांगा, फाइल हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर न्या, नावांऐवजी क्रमांक वापरा आणि फोनमधली प्रत पुसा. हेतू चांगला आहे, पण तो तुमचा डेटा नाही, त्या पेशंटचा आहे. २०२३ पासून वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाही आहे. उद्या इतरांच्या नोंदी सांभाळायची जबाबदारी मागणार असाल तर सुरुवात इथून होते.

आणि तो २ लाख ८० हजारांचा कोर्स? आज हप्ता सुरू करू नका. त्यांचा फोन पुन्हा येईलच. तेव्हा तीन गोष्टी विचारा : शिकवणाऱ्यांपैकी हॉस्पिटलमध्ये काम केलेले किती, सराव कुठल्या डेटावर, आणि मागच्या तुकडीतल्या एखाद्या नर्सशी बोलायला मिळेल का. उत्तरं लेखी मागा.

सहा महिन्यांनी पुन्हा लिहा. त्या पत्रात तुमच्या आयसीयूचे सहा ठिपके काढून पाठवा, अंशही आणि छेदही.

तुमची,
करिअर मार्गदर्शक