रेड-प्लस नव्याने वाचताय? आधी एवढंच बघा

रेड-प्लस म्हणजे जंगलतोड कमी करून कार्बन उत्सर्जन घटवणाऱ्या विकसनशील देशांना मोबदला देण्याची संयुक्त राष्ट्रांची योजना. एकदम दहा देशांचे अहवाल उघडून बसू नका. एकच देश घ्या. मला विचाराल तर ब्राझील. 2010 च्या कानकुन इथल्या संयुक्त राष्ट्र हवामान परिषदेत विकसनशील देशांना चार गोष्टी तयार करायला सांगितल्या: राष्ट्रीय धोरण, उत्सर्जनाची संदर्भ पातळी (ज्याच्याशी तुलना करून घट मोजतात तो आकडा), जंगलावर देखरेखीची यंत्रणा आणि स्थानिक लोक व जैवविविधता जपण्याबद्दलची माहिती. यातलं काय झालं, काय रखडलं, तेवढं टिपा.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- धोरण छापलं की तोड थांबली असं धरतात. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये 2004 साली सुमारे 27,800 चौरस किलोमीटर जंगल तुटलं, 2012 ला साधारण 4,600. रेड-प्लस धोरण त्यानंतर आलं, आणि 2021 मध्ये आकडा पुन्हा 13,000 वर!
- संदर्भ पातळी कुठल्या वर्षांवर बेतली ते बघतच नाहीत. ब्राझीलने 2006 ते 2010 साठी 1996 ते 2005 ची सरासरी धरली. त्यात 2004 आलंच, म्हणजे पुढची घट मोठी दिसणार. खरी मेख इथे आहे.

भारताचं धोरण 2018 चं. ते नंतर वाचा. कार्बन बाजाराच्या (उत्सर्जन-घटीच्या खरेदी-विक्रीच्या) भानगडीत तर सध्या पडूच नका. अडलं की बिनधास्त विचारा.