टॅलीचा पीसी विंडोजवरच राहू द्या

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचं सीएनसी जॉबवर्कचं युनिट आहे. ऑफिसात तीन पीसी, शॉपमध्ये मशीनला प्रोग्रॅम पाठवायला एक जुना, सगळ्यांवर विंडोज १०. विंडोज ११ यातला एकही घेत नाही. भाचा म्हणतो, मामा, विंडोजच्या जागी लिनक्स टाका, फुकट आहे. पण टॅलीचं काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : भाचा चुकीचं सांगत नाहीये, फक्त सगळे पीसी एका दिवशी बदलायला जाऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पीसी काही बंद पडत नाही पण सुरक्षेचे नेहमीचे फुकट अपडेट थांबले, आणि जिथं बँकेचं लॉगिन नि पार्ट्यांचे मेल चालतात तिथं असं चालवत राहणं बरं नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुमचे पीसी तिथंच अडकले असणार.

आता टॅली. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनतं. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून लिनक्सवर चालवणारे आहेत, पण मार्च एंडिंगला सीए फोनवर ताटकळतोय आणि इकडे कंपनी उघडत नाहीये, असला ताप धंद्यात कशाला घ्यायचा? फर्म प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर जीएसटी रिटर्नला डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, टोकन पण लागतं, प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवर भागतं. म्हणून माझं स्पष्ट मत, विंडोज ११ वाला एक पीसी घ्याच आणि टॅली, टोकन सगळं त्यावर ठेवा.

उरलेल्या दोनांवर कोटेशन, चलन, मेल एवढंच असेल तर बिनधास्त लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) टाका, मेनू खाली डावीकडेच असतो त्यामुळे ऑफिसातली माणसं फार गोंधळत नाहीत. आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, इन्स्टॉल केलं नाही तर हार्डडिस्कवरचं काही जात नाही. प्रिंटर तेव्हाच तपासा, एचपीचे बरेचसे लगेच चालतात, कॅननचा एलबीपी २९०० असेल तर ड्रायव्हरपायी डोकं उठतं, तो टॅलीच्या पीसीलाच लावा.

कोटेशनचं मात्र नीट बघा हं. वर्डमधलं कोटेशन लिबरऑफिसमध्ये, म्हणजे लिनक्सवर ऑफिसच्या जागी वापरतात त्यात, उघडलं की कॅलिब्री फाँट मिळत नाही, त्याच्या जागी कार्लिटो लागतो, त्याच्या अक्षरांची रुंदी मुद्दाम कॅलिब्रीएवढीच ठेवलेली आहे म्हणून ओळी हलत नाहीत, पण तोही नसेल तर भलताच फाँट लागतो आणि एका पानाचं कोटेशन दुसऱ्या पानावर सांडतं, सही-शिक्का एकटाच खाली. पार्टीला पीडीएफच पाठवत जा. रेट काढायच्या एक्सेल शीटमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या सूचना) असतील तर ते तिथं चालतीलच असं नाही, ती शीट पण विंडोजवर.

शॉपमधल्या पीसीला हात लावू नका, त्याचं नेट तेवढं काढून टाका आणि कुणाचाही पेनड्राइव्ह त्यात जाऊ देऊ नका. आणि हे सगळं महिन्याच्या २० तारखेनंतर करा, दर महिन्याला भरत असाल तर ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी, त्या गडबडीत नको. बॅकअप आधी घ्या, वेगळ्या डिस्कवर.

प्रश्न : सीबीएसला कोर्टाजवळ माझं मराठी टायपिंगचं दुकान आहे, सगळं काम श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये. मी पण लिनक्सवर जाऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आत्ता नको. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये (कुठल्याही पीसीवर अक्षरं तीच दिसावीत म्हणून ठरवलेली पद्धत) नसतात, तो फाँट नसलेल्या पीसीवर उघडल्या की मराठीऐवजी नुसती चिन्हं दिसतात. आधी विंडोजवरच नवीन काम युनिकोडमध्ये सुरू करा, इनस्क्रिप्टवर हात बसवा, तो कीबोर्ड लिनक्सवर पण मिळतो. जुने नमुने लागतील तसे कन्व्हर्ट करा, पण जोडाक्षरं, रफार आणि गट नंबर प्रत्येक वेळी स्वतः वाचून बघा, कारण खरेदीखतात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर निस्तरायला गिऱ्हाईक तुमच्याच दारात येणार.