ठरवलेलं आठवड्यात का सुटतं?

प्रश्न: रोज पहाटे कमाटीबागेत तासभर चालायचं आणि रात्री बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करायचा, असं ठरवते. आठवडाभर जमतं, मग बारगळतं. माझा मनावर ताबाच नाही का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: मनाला बोल लावू नका, बेतच अवाढव्य आहे. दोन नेम एकदम धरू नका. आधी फक्त चालणं, तेही १५ मिनिटं. ‘पहाटे चालेन’ हे फार मोघम झालं. वेळ आणि आधीची कृती जोडून कागदावर लिहा: ‘सहाला चहा झाला, कप विसळला, की बूट घालून निघेन.’ बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा. पावसाळ्यासाठी दुसरं वाक्यही आत्ताच लिहा: ‘पाऊस असेल तर घरातच १५ मिनिटं.’ बडोद्याच्या जुलैत ते लागतंच.

२१ दिवसांत सवय लागते, ही ऐकीव गोष्ट. लंडनमधल्या संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस लागतील, तर कुणाला २५४, असा अंदाज. एखादा खाडा झाल्यानं फारसं बिघडलं नाही. बिघडतं ते ‘मोडलाच नेम’ म्हणून सोडून दिल्यानं, किंवा भरपाई म्हणून दोन तास चालून पाय आखडल्यानं.

चालणं आठवण न करता होऊ लागलं की अभ्यास धरा: जेवणाआधी २५ मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. नवरात्रात गरब्याच्या नऊ रात्री खुशाल सुट्टी घ्या, पण दहाव्या दिवसाची वेळ आधीच लिहून ठेवा.